आकाशाचे जुने दप्तर

कार्तिक-मार्गशीर्ष महिन्यांत, चंद्र नसलेल्या रात्री, गावाबाहेरच्या माळावरून पाहिले असता आठ-नऊच्या सुमारास डोक्यावरून किंचित उत्तरेस एक अस्पष्ट, पांढुरका ठिपका नजरेस येतो. पूर्वा व उत्तरा भाद्रपदांच्या चौकोनाच्या ईशान्येस तो शोधावा लागतो. शहराच्या दिव्यांत तो हरवून जातो; खेड्यातील शाळेच्या पटांगणावरून मात्र शिक्षकांना तो विद्यार्थ्यांस सहज दाखविता येईल. हा ठिपका म्हणजे देवयानी दीर्घिका, अर्थात कोट्यवधी ताऱ्यांचे एक स्वतंत्र विश्व. तेथून निघालेल्या प्रकाशास, सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर या वेगाने येऊनही, पृथ्वीवर पोहोचण्यास सुमारे २५ लाख वर्षे लागतात. आज डोळ्यांत शिरणारा तो प्रकाश तेथून निघाला तेव्हा पृथ्वीवर आजच्या स्वरूपातील मनुष्यप्राणी अस्तित्वात आलेला नव्हता.

आकाशात जितके दूर पाहावे तितके जुने दिसते. सूर्य दिसतो तो आठ मिनिटांपूर्वीचा, देवयानी २५ लाख वर्षांपूर्वीची, आणि त्याहून दूरच्या दीर्घिका शेकडो कोटी वर्षांपूर्वीच्या. इतिहासाच्या अभ्यासकाला ताम्रपट, शिलालेख व मोडी कागद यांवरून गतकाळाचे अनुमान बांधावे लागते. ज्योतिर्विदाला गतकाळ प्रत्यक्ष दिसतो. अडचण एवढीच की तो अतिशय अंधुक दिसतो. गेल्या तीस वर्षांत अवकाशातील दुर्बिणींनी हे जुने दप्तर उघडण्याचे जे काम केले आहे, त्यातून दीर्घिका कशा घडल्या आणि त्यांची वाढ पुढे का मंदावली, या प्रश्नांची उत्तरे मिळू लागली आहेत. या कामात पुणे जिल्ह्यातील संस्थांचाही महत्त्वाचा वाटा आहे.

एका दिवसाची जनगणना

दीर्घिका म्हणजे तारे, वायू, धूळ आणि न दिसणारे कृष्णद्रव्य यांचा गुरुत्वाकर्षणाने बांधलेला प्रचंड समुदाय. आपली आकाशगंगा ही त्यांपैकीच एक. अमेरिकन ज्योतिर्विद एडविन हबल यांनी १९२३ मध्ये माउंट विल्सन येथील १०० इंची दुर्बिणीतून देवयानीतील एक विशिष्ट प्रकारचा बदलता तारा शोधला व त्यावरून देवयानी आकाशगंगेच्या फार बाहेर असल्याचे दाखवून दिले. १९२६ मध्ये त्यांनी दीर्घिकांचे आकारावरून वर्गीकरण केले. चक्रासारखे बाहू असलेल्या त्या सर्पिल, अंड्यासारख्या गोलसर त्या लंबवर्तुळाकार, आणि कशातच न बसणाऱ्या त्या अनियमित. वर्गीकरण झाले, पण हे आकार आले कोठून, हा प्रश्न तसाच राहिला.

तो सोडविणे अवघड होते, कारण दीर्घिकेच्या घडामोडींना कोट्यवधी वर्षे लागतात. एकच दीर्घिका जन्मापासून वार्धक्यापर्यंत पाहत बसणे कोणालाही शक्य नाही. येथे जनगणनेचे उदाहरण उपयोगी पडेल. प्रगणक गावात एकदाच येतो. एकाही माणसाचे सबंध आयुष्य तो पाहत नाही. तरीही त्याच दिवशी त्याला तान्ही मुले, शाळकरी मुले, कर्ते स्त्रीपुरुष व वृद्ध भेटतात आणि त्यांच्या नोंदींवरून माणूस कसा वाढतो याची कल्पना येते. आकाशातील प्रगणकाला एक अधिक सोय आहे. येथे अंतर हीच वयाची नोंद असते. जवळच्या दीर्घिका आजच्या विश्वातील प्रौढ, तर दूरच्या दीर्घिका विश्वाच्या बालपणातील. विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे मानले जाते. त्यामुळे पुरेसे खोल पाहता आले तर बाल्यापासून आजपर्यंतच्या साऱ्या पिढ्या एकाच चित्रात मिळाव्यात.

वयाची ही नोंद वाचण्याचे साधन म्हणजे ताम्रसृती. विश्व प्रसरण पावत असल्यामुळे प्रकाश वाटेत असतानाच त्याच्या लहरी ताणल्या जातात. निळा प्रकाश तांबड्याकडे, तांबडा अवरक्ताकडे सरकतो. लहरींची लांबी दुप्पट झाली असेल तर तो प्रकाश सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वी निघाला असे समजते. दीर्घिकेचा वर्णपट घेतला की ही ताण मोजता येते.

रिकाम्या जागेकडे रोखलेली दुर्बीण

हबल यांचेच नाव दिलेली अवकाश दुर्बीण एप्रिल १९९० मध्ये पृथ्वीभोवतीच्या कक्षेत सोडण्यात आली. थोड्याच दिवसांत तिच्या २.४ मीटर व्यासाच्या आरशात दोष असल्याचे उघड झाले. आरशाची कडा हव्या त्या वक्रतेपेक्षा सुमारे २.२ मायक्रॉनने, म्हणजे केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या भागाइतकी, सपाट घासली गेली होती. एवढ्याने चित्रे धूसर झाली आणि प्रचंड सार्वजनिक खर्चावर टीकेची झोड उठली. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी प्रत्यक्ष कक्षेत जाऊन दुरुस्ती केली तेव्हा कोठे दुर्बिणीची प्रतिष्ठा सावरली.

यानंतर अवघ्या दोन वर्षांनी बाल्टिमोर येथील अवकाश दुर्बीण विज्ञान संस्थेचे संचालक रॉबर्ट विल्यम्स यांनी घेतलेला निर्णय धाडसाचा होता. जगभरचे शास्त्रज्ञ या दुर्बिणीचा वेळ मिळावा म्हणून अर्ज करीत व त्यांतील बहुसंख्य अर्ज नाकारावे लागत. वेळेचा काही भाग संचालकांच्या स्वेच्छाधिकारात राखलेला असे. विल्यम्स यांनी तो वेळ आकाशातील अशा एका जागेसाठी देण्याचे ठरविले, की जेथे पाहण्यासारखे काहीच दिसत नव्हते. सल्ला देणाऱ्यांचे मत अनुकूल नव्हते. ज्यांनी या दुर्बिणीच्या उभारणीसाठी स्वतः खटपट केली होती त्या जॉन बाकॉल यांनी सहकाऱ्यांसह १९९० मध्येच, दीर्घकाळ प्रकाश घेऊनही हबलला नव्या दीर्घिका फारशा आढळणार नाहीत, असे गणित प्रसिद्ध केले होते. चित्र कोरे निघाले असते तर आरशाच्या प्रकरणानंतरची ती दुसरी नामुष्की ठरली असती. जबाबदारी आपली, असे म्हणून विल्यम्स पुढे गेले.

जागा निवडताना पुष्कळ विचार झाला. ती आकाशगंगेच्या पट्ट्यापासून दूर हवी, म्हणजे आपल्याच ताऱ्यांची व धुळीची आडकाठी नको. जवळपास तेजस्वी तारे नकोत. शिवाय दुर्बीण पृथ्वीभोवती फिरत असताना पृथ्वी मध्ये येऊ नये. या सर्व अटी पुरी करणारी जागा सप्तर्षींच्या तारकासमूहात मिळाली. तिचा विस्तार तीस मीटर अंतरावर धरलेल्या रुपयाच्या नाण्याएवढा, म्हणजे सबंध आकाशाच्या सुमारे २ कोटी ४० लाखांश. १८ ते २८ डिसेंबर १९९५ या दहा दिवसांत, पृथ्वीभोवती सुमारे १५० प्रदक्षिणा होत असताना, चार निरनिराळ्या रंगांच्या गाळण्यांमधून ३४२ छायाचित्रे घेण्यात आली व ती एकत्र जोडण्यात आली.

जानेवारी १९९६ मध्ये चित्र प्रसिद्ध झाले तेव्हा त्या नाण्याएवढ्या तुकड्यात सुमारे ३००० दीर्घिका मोजल्या गेल्या. सर्व आकाशास तोच हिशेब लावला तर ही संख्या ७२०० कोटींवर जाते, आणि यात फक्त त्या वेळी दिसू शकलेल्याच दीर्घिका येतात.

विल्यम्स यांनी आणखी एक गोष्ट केली, तिचा उल्लेख अनेकदा राहून जातो. निरीक्षणाची सामग्री वर्षभर स्वतःपाशी ठेवण्याची तेव्हाची प्रथा बाजूस सारून त्यांनी ती ताबडतोब सर्वांना खुली केली. हवाई बेटावरील केक दुर्बिणींनी लगोलग यांतील अनेक दीर्घिकांचे वर्णपट घेतले. एकाच जागेकडे निरनिराळ्या देशांतील निरनिराळ्या दुर्बिणी रोखण्याची पद्धत येथून रूढ झाली. २००३-०४ मध्ये हबलनेच दक्षिण आकाशातील अश्मंत तारकासमूहात याहून खोल वेध घेतला. ८०० छायाचित्रांच्या त्या संचात सुमारे १०,००० दीर्घिका आढळल्या.

दप्तरातील नोंदी

या चित्रांवरून पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी की, दूरच्या दीर्घिका जवळच्यांसारख्या नाहीत. त्या लहान, निळसर, वेड्यावाकड्या, गाठीगाठींच्या आहेत. हबल यांच्या सुबक वर्गीकरणात त्यांतील पुष्कळ बसत नाहीत. निळा रंग हे नव्या, तापट ताऱ्यांचे लक्षण. अनेक दीर्घिका एकमेकींवर आदळताना, एकमेकींत मिसळताना दिसतात. मोठ्या दीर्घिका एकदम घडल्या नाहीत, लहान घटक एकत्र येऊन व भोवतालचा वायू ओढून घेऊन त्या वाढत गेल्या, या कल्पनेस यामुळे बळकट पुरावा मिळाला.

दूरच्या दीर्घिका ओळखण्यासाठी वापरलेली एक युक्ती शिक्षकांना आवडेल अशी आहे. एका मर्यादेपलीकडचा जंबुपार प्रकाश हायड्रोजन वायू शोषून घेतो, त्यामुळे दीर्घिकेच्या वर्णपटात तेथे जणू भिंत उभी राहते. ताम्रसृतीमुळे ही भिंत तांबड्याकडे सरकते. जी दीर्घिका तांबड्या गाळणीतून स्पष्ट, निळ्या गाळणीतून फिकी आणि जंबुपार गाळणीतून मुळीच दिसत नाही, ती फार दूरची असणार. हजारो अंधुक ठिपक्यांचे वर्णपट घेणे शक्य नसते. धान्य चाळावे तसे ठिपके चाळण्याची ही सोय ज्योतिर्विदांच्या हाती आली.

१९९६ च्या सुमारास सायमन लिली, पिएरो मादाउ व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा नोंदींवरून विश्वात कोणत्या काळी किती वेगाने तारे जन्मत होते याचा आलेख मांडण्यास आरंभ केला. पुढील सर्वेक्षणांनी तो पक्का केला. सुरुवातीस वेग कमी, मग चढता. सुमारे १००० कोटी वर्षांपूर्वी तो कळसास पोहोचला. त्या वेळी आजच्या नऊ-दहा पट वेगाने तारे घडत होते. तेव्हापासून तो सतत उतरत आहे. आज ताऱ्यांत असलेल्या द्रव्यापैकी जवळजवळ निम्मे सुमारे ९०० कोटी वर्षांपूर्वीच ताऱ्यांत रूपांतरित झाले होते. सूर्याचे वय सुमारे ४६० कोटी वर्षे आहे. म्हणजे तो उतरत्या काळात जन्मलेला तारा ठरतो.

जनगणनेत जशा चुका राहतात तशा येथेही राहतात. एका वॉर्डाच्या गणतीवरून सबंध जिल्ह्याचे अनुमान काढणे धोक्याचे असते, तसेच नाण्याएवढ्या तुकड्याचे आहे. म्हणून पुढे दोन चौरस अंश एवढ्या विस्तृत भागाची ‘कॉसमॉस’सारखी सर्वेक्षणे हाती घेण्यात आली. दुसरी चूक धुळीमुळे होते. जेथे तारे वेगाने जन्मतात तेथे धूळही भरपूर असते व ती दृश्य प्रकाश अडवून धरते. १९९८ मध्ये हवाई येथील जेम्स क्लार्क मॅक्सवेल दुर्बिणीने सप्तर्षींतील तीच जागा एक मिलिमीटरपेक्षा किंचित लहान लहरींतून पाहिली, तेव्हा हबलच्या चित्रात जवळजवळ न दिसणाऱ्या काही दीर्घिका धुळीच्या पडद्याआड धगधगत असल्याचे आढळले. गणती करताना दारे बंद असलेली घरे वगळून चालत नाही.

अश्मंतातील खोल क्षेत्राचा वेध भारताच्या ‘ॲस्ट्रोसॅट’ या उपग्रहानेही घेतला. सप्टेंबर २०१५ मध्ये सोडलेल्या या उपग्रहावरील जंबुपार दुर्बिणीचा आरसा केवळ सुमारे ३८ सेंटिमीटरचा आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये तिने २८ तासांहून अधिक काळ त्या जागेचे निरीक्षण केले. पुण्याच्या आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्रातील, म्हणजे ‘आयुका’तील, कनक साहा यांच्या नेतृत्वाखालील गटाने या सामग्रीतून एक दीर्घिका हुडकली. तिचा तीव्र जंबुपार प्रकाश सुमारे ९३० कोटी वर्षांपूर्वी निघालेला आहे. हा शोध ऑगस्ट २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. असा प्रकाश सहसा दीर्घिकेतील हायड्रोजनच गिळून टाकतो. तो बाहेर निसटू शकतो, हे महत्त्वाचे. आरंभीच्या विश्वात पसरलेले हायड्रोजनाचे धुके पहिल्या दीर्घिकांनी कसे निवळविले असेल, याचा धागा येथे सापडतो.

सोनेरी आरशाची दुर्बीण

विश्वाच्या पहिल्या ५० कोटी वर्षांतील दीर्घिकांचा प्रकाश इतका ताणला गेलेला असतो की, मुळात जंबुपार असलेल्या लहरी पृथ्वीपाशी येईतो अवरक्त होतात. हबलची दृष्टी तेथे अपुरी पडते. २५ डिसेंबर २०२१ रोजी फ्रेंच गयाना येथून सोडलेली जेम्स वेब दुर्बीण याच कामासाठी बनविलेली आहे. पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर असलेल्या या दुर्बिणीचा आरसा ६.५ मीटरचा असून त्याच्या १८ षट्कोनी भागांवर सोन्याचा मुलामा आहे. सोने अवरक्त प्रकाश उत्तम परावर्तित करते.

जुलै २०२२ पासून तिची निरीक्षणे येऊ लागली आणि अपेक्षेपेक्षा जास्त तेजस्वी दीर्घिका फार आरंभीच्या काळात दिसू लागल्या. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या एका दीर्घिकेचा प्रकाश विश्वाचे वय ३० कोटी वर्षांहून कमी असताना निघालेला होता. २०२५ मध्ये २८ कोटी वर्षांची नोंद झाली. घाईने काढलेली काही अनुमाने मागेही घ्यावी लागली. अतिदूरची समजली गेलेली एक दीर्घिका वर्णपट घेतल्यावर बरीच जवळची निघाली. तिच्यातील तेजस्वी वायूने गाळण्यांना फसविले होते. चाळणी उपयोगी खरी, पण दाखला वर्णपटाचाच ग्राह्य धरावा लागतो. तरीही पक्क्या ठरलेल्या नोंदी पुरेशा आहेत. आरंभीच्या दीर्घिका इतक्या लवकर एवढ्या तेजस्वी कशा झाल्या, यावर शास्त्रज्ञांत अद्याप एकमत नाही.

याच दुर्बिणीच्या सामग्रीतून पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील राशी जैन व योगेश वाडदेकर यांनी २०२५ मध्ये एक सुबक सर्पिल दीर्घिका उजेडात आणली. मध्ये असलेल्या एका दीर्घिकासमूहाच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगासारखे काम करून तिचे चित्र ठळक केले होते. तिचा प्रकाश विश्व सुमारे १५० कोटी वर्षांचे असताना निघालेला आहे. त्या वयाच्या दीर्घिका ओबडधोबड असाव्यात, अशी समजूत होती. हिला मात्र दोन रेखीव बाहू आहेत, व्यास सुमारे ३०,००० प्रकाशवर्षे आहे, आणि वर्षाला सुमारे ६० सूर्यांइतके द्रव्य ताऱ्यांत रूपांतरित होत होते. आपल्या आकाशगंगेत आज हे प्रमाण एक-दोन सूर्यांइतकेच आहे. आकाशगंगेला मंदाकिनी असेही म्हणतात. तेव्हा तिच्या या दूरच्या भगिनीस हिमालयातील दुसऱ्या नदीचे, अलकनंदेचे, नाव देण्यात आले.

वायू कोठे गेला ?

१००० कोटी वर्षांपूर्वीच्या कळसानंतर ताऱ्यांचा जन्मदर का घसरला, हे केवळ ताऱ्यांचा प्रकाश पाहून कळत नाही. तारे हायड्रोजन वायूपासून घडतात. तेव्हा कोठारात वायू किती होता हे मोजले पाहिजे. हायड्रोजनाचे अणू २१ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओ लहरी सोडतात, पण त्या अतिशय क्षीण असतात.

जुन्नर तालुक्यातील खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या दूरदृष्टीतून ती उभी राहिली आणि पुढे तिची यंत्रणा अद्ययावत करण्यात आली. आदित्य चौधरी, निसीम काणेकर व जयराम चेंगलूर यांनी तिच्या साहाय्याने सुमारे १०० तास निरीक्षण केले आणि सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या ७६५३ दीर्घिकांचे संदेश एकत्र मिळविले. पालखीतील एका टाळाचा नाद दूरच्या शिवारात ऐकू येत नाही. हजारो टाळ एका लयीत वाजले की येतो. तसेच येथे झाले. एकाही दीर्घिकेचा संदेश सुटा ओळखता आला नाही, पण सर्वांची सरासरी स्पष्ट उमटली.

ऑक्टोबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, त्या दीर्घिकांपाशी वायू विपुल होता, परंतु ज्या वेगाने त्या तारे घडवीत होत्या त्या वेगाने तो १०० ते २०० कोटी वर्षांतच संपला असता. बाहेरून नवा वायू तितक्या प्रमाणात येत राहिला नाही तर घसरण अटळ होती, आणि आलेखात घसरण नेमकी त्याच सुमारास दिसते.

बाहेरून येणारा वायू का आटला, हा पुढचा प्रश्न आहे. त्यासाठी आता विस्तार व खोली दोन्ही साधणारी सर्वेक्षणे उपयोगी पडत आहेत. ‘कॉसमॉस’ क्षेत्राचाच मोठा भाग वेब दुर्बिणीने २५० हून अधिक तास न्याहाळला असून त्यावरून तयार झालेली सुमारे आठ लाख दीर्घिकांची सूची जून २०२५ मध्ये प्रसिद्ध करण्यात आली. ती संगणकावर कोणासही विनामूल्य पाहता येते.